गेमच्या डब्याची वाटणी

आमच्यात भावाभावांची वाटणी करायची झाली की मामाला बोलावतात. चुलत्यांना बोलावलं तर त्यांचा कुठे ना कुठे बांध अडकलेला असतो. मामाचं काही अडकलेलं नसतं, असं त्यामागचं शहाणपण. मामाने यायचं, पाटावर बसायचं, पान खायचं, आणि तंटा निघालाच तर एक शब्द टाकायचा. तो शब्द मोडायचा नाही. मोडला तर मामाचा अपमान, आणि मामाचा अपमान म्हणजे आईच्या माहेराचा अपमान. मामाच मूर्ख निघाला तर काय करायचं, याची सोय मात्र जुन्या माणसांनी करून ठेवलेली नाही. तशी वेळ कोणावर येणार नाही, असं त्यांना वाटलं असणार.

ती वेळ आमच्या ताईच्या घरावर आली. पाटावर मी होतो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. बदलापूर गावात दिलेली. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली. तिला दोन मुलगे. मोठा अंबरनाथला एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर आहे, धाकटा गावातच लग्न-हळदीच्या मंडपांचं डेकोरेशन करतो. घर होतं तिथे बिल्डिंग उभी राहिली, तिच्यात एक फ्लॅट मिळाला. मोठ्याने अंबरनाथ पूर्वेला कंपनीजवळ दुसरा घेतला. ताई धाकट्याकडे राहणार, हेही ठरलेलं. भांडण काही नव्हतं. दोन सुनांना एक ओटा होता, एवढंच. राहता राहिलं घरातलं सामान: भांडीकुंडी, कपाटं, पाटा-वरवंटा, हंडे, टीव्ही. त्याची रीतसर वाटणी करायची म्हणून मला उल्हासनगरहून बोलावलं.

मी पांढरा झब्बा इस्त्री करून घेतला. कॅम्प एकमधल्या आमच्या घरात आरशासमोर उभं राहून एकदोन वाक्यंही म्हणून बघितली. 'हे बघा, वस्तू महत्त्वाची नाही, नातं महत्त्वाचं आहे.' आमची ही मागे केस विंचरत होती. "कोणाला सांगताय?" तिने विचारलं. मी म्हणालो, काही नाही, घसा मोकळा करत होतो.

वाटणीचा आमच्याकडचा नियम साधा आहे. मोठ्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे मोठा कमी-जास्त करत नाही. प्रत्येक वाट्यावर एकेक सुपारी ठेवतात. मोठ्याने वाटे घातले, पण कसे? जे चांगलं ते सगळं एका बाजूला, आणि डोळ्यांनी धाकट्याला खूण की तो उचल. धाकट्याने नेमका दुसरा उचलला. पितळेच्या हंड्यावरून थोडं थांबले, तर धाकटी सून म्हणाली, "तो जाऊबाईंना द्या, मला उचलत नाही." टीव्ही ताईच्या खोलीत. झालं. दुपार व्हायच्या आत सगळं सुरळीत संपलं. मी तोपर्यंत एक शब्द बोललो नव्हतो. चुलते बसले होते, शेजारच्या बायका बसल्या होत्या, आणि मला आरशासमोर बघितलेली आमची ही बसली होती. असं काही न करता उठून जेवायला जायचं म्हणजे मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तेवढ्यात टीव्हीखालचा व्हिडिओ गेम राहिलेला दिसला.

ताई त्याला 'गेमचा डबा' म्हणते. डबाच तो. काळा, चकचकीत, फुगीर पाठीचा आणि उचलायला जात्यासारखा जड. मोठ्याला नोकरी लागली तेव्हा त्याने आणलेला. त्यानंतर बनवणाऱ्या कंपनीने नवे, हलके किती काढले, आणि हा काढायचंही सोडून दिलं. पण या दोघांचा हाच. दोघांनी त्यात क्रिकेटची एक टीम तयार केली होती. सगळी गल्ली त्या टीममध्ये. दारावर मासे विकायला येणारी कोळीण विकेटकीपर, कारण तिच्या हातून काही निसटत नाही. ताई कॅप्टन. मी अकराव्या नंबरला, आणि खेळाडूला जाड-बारीक करायची जी सोय असते तिच्यात माझं पोट त्यांनी फार मन लावून केलेलं. वर्षानुवर्षं ही टीम सीझनमागून सीझन खेळत आली. पोरांची लग्नं झाली, टक्कल पडायला लागलं, तरी रविवारी सकाळी दोघं त्या डब्यासमोर.

"हा दादूसला राहू दे," धाकटा म्हणाला. दादूस म्हणजे थोरला भाऊ. "त्यानेच आणलेला."

"मला काय करायचाय? याच्याकडे ठेवा," मोठा म्हणाला. "खेळतो तोच जास्त."

"मी कुठे एकटा खेळतो?"

"मग मी तरी कुठे?"

कानात बोळे नसलेल्या माणसाला यातून जे ऐकू यायला हवं ते शेजारच्या बायकांनाही ऐकू आलं असणार. मला मात्र तंटा ऐकू आला. मी खाकरलो.

"त्यांचं ते बघतील रं," ताई म्हणाली. "तू पान खा."

"नाही ताई. आज ठरलं पाहिजे. आज नाही ठरलं तर उद्या मनात राहतं."

आता माझ्या डोक्यात जे आलं त्याला थोडं उल्हासनगरही कारणीभूत आहे. म्हणजे गावावर ढकलत नाही, पण तिथे जन्म काढला की माणसाची नजरच तशी होते. आमच्याकडे एक जीन्स दहा घरांत तयार होते. एका घरात कापड कापतात, दुसऱ्यात शिलाई, तिसऱ्यात चेन, पुढच्यात बटणं, कुठे धुलाई. बाजारात मिक्सरचं नुसतं झाकण मिळतं, पंख्याचं एकच पातं मिळतं. आमच्या घराखालचा सिंधी दुकानदार तर म्हणतोच, साईं, दुनिया में सब पार्ट है. अखंड वस्तू अशी काही असते, यावरचा माझा विश्वास कधीच उडाला होता. शिवाय ऑफिसातला कॉम्प्युटर दुरुस्त होताना मी एकदा अगदी जवळून बघितला होता.

"असं करू," मी म्हणालो. "डबा मोठ्याचा, कारण आणला त्याने. पण आत जे साठलंय, ती टीम, ते रन, ती मेहनत धाकट्याची. ते सगळं हार्ड डिस्कमध्ये असतं. डिस्क काढायची आणि धाकट्याला द्यायची. मोठा नवी डिस्क टाकेल, धाकट्याला वाटलं तर तो जुनाच दुसरा डबा घेईल. आणि आठवण आलीच तर लॅपटॉपला लावायची, टीम बघायची. कोणाचं काही गेलं नाही."

थोरले चुलते खूश झाले. "वा, मामा," ते म्हणाले, "पोट फाडून न्याय केलात."

मोठ्याने धाकट्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, भरून आलं त्याला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शब्द मी टाकला होता, तर डिस्कही मीच काढणार. धाकटा म्हणाला, "मामा, द्या, मी करतो." मी त्याला हाताने बसवलं. ताईच्या शिलाई मशीनच्या खणातून स्क्रूड्रायव्हर मागवला. डबा उताणा केला, आडवा केला, चष्मा पुसला. एका बाजूला छोटं झाकण असतं, ते नखाने निघतं. माझं नख निघालं, झाकण नंतर. आत एक निळा स्क्रू. आजूबाजूचं सगळं काळं असताना तो एकटाच निळा, म्हणजे बनवणाऱ्यांनी माझ्यासारख्यांसाठी केवढी सोय करून ठेवलेली. फक्त त्याच्या डोक्यावर फुली होती आणि शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर चपटा. मी जोर लावला. तो फिरला, स्क्रू नाही फिरला. पुन्हा लावला. फुलीचा वाटोळा खड्डा झाला. सगळी मंडळी माझ्याभोवती अशी वाकली होती, जणू गाय वीत होती.

"खोबरेल लाव," ताई म्हणाली.

लावलं. आता हातही निसटायला लागला. झब्ब्यावर तेल, कपाळावर घाम. आमच्या हिने नजर खिडकीकडे वळवली होती.

शेवटी मोठाच उठला, आत जाऊन बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि माझ्यासमोर धरला. "मामा, हा घ्या." स्वतः काढायला घेतलं नाही. माझ्या हातात दिला. त्याने राहिलेल्या फुलीत टोक बसवून माझा हात वरून दाबून धरला, आणि स्क्रू एकदाचा फिरला. मग आतल्या पत्र्याच्या चौकटीला बादलीसारखी बारीकशी कडी असते, ती उभी करायची, चौकट थोडी बाजूला सरकवायची आणि ओढायची. निघाली. पत्त्याच्या कॅटाएवढी. एवढ्याशात अख्खी गल्ली कशी राहत असेल, याचं मला कौतुक वाटलं. ती मी ताटात ठेवली, तिच्यावर सुपारी ठेवली, डब्यावर दुसरी ठेवली, आणि आरशासमोरचं वाक्य म्हटलं.

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि गावठी कोंबडी होती. दोघे भाचे खाली बघून जेवले. मी रस्सा दोनदा घेतला.

पुढे काही महिने मी हा न्याय जिथे तिथे सांगितला. आमच्याकडच्या हळदी म्हणजे बाहेर डीजे आणि आत खुर्च्यांवर आम्ही मध्यमवयीन, ज्यांना नाचवत नाही आणि घरीही जाववत नाही. तिथे माझी ही गोष्ट चांगली चालायची. लोक मान डोलवायचे. वांगणीच्या एका गृहस्थांनी तर माझा नंबर घेतला. त्यांच्या घरी एक ट्रॅक्टर आणि दोन भाऊ होते.

मग एका रविवारी मी सहज ताईकडे गेलो. येताना दाल-पकवान आणलं होतं, तिला आवडतं म्हणून. तिने पुडा ओट्यावर ठेवला, उघडला नाही. घर शांत होतं. टीव्ही बंद.

"मोठा येतो की नाही?" मी विचारलं.

"येतो. सनाला येतो. पाया परतो, जेवतो, जातो."

"मग झालं तर."

"काय झालं? आधी दर रविवारी सकाली बसायची ती दोघं, जेवायला हाक मारली तरी उठायची नाय. एकमेकाला शिव्या काय, हसनं काय. आता सोफ्यावर असतात तवा बघ जाऊन. डाक्टरकडं नंबर लावल्यावानी बसतात."

"बोलत नाहीत?"

"ती कधी बोलली रं?" ताई म्हणाली. "ल्हानपनापासून नाय बोलली. बाप गेला तवा बी नाय बोलली. ती खेलायची."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "नवी डिस्क टाकली असती मोठ्याने."

"तो डबा हितंच ठेवनार व्हता. मना सांगून ठेवलेलं, आय, तो तुज्या खोलीत राहू दे, म्हंजे मी येत जाईन. धाकल्याचं बी तेच. दोघांचं आपापल्या मनात ठरलेलं. तेवढ्यात तू न्याय केलास."

"अगं, मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"बोलले की. पान खा बोलले."

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दाल-पकवानचा पुडा उघडला आणि माझ्यासमोर सरकवला. मी एक पकवान तोडलं आणि ते तोंडात तसंच फिरत राहिलं. हळदींतल्या सगळ्या खुर्च्या डोळ्यांसमोर आल्या. मान डोलवणारी सगळी माणसं.

धाकटा गॅलरीत प्लास्टिकची फुलं रंगाप्रमाणे वेगळी करत बसला होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "मी टाकलेला शब्द मी मागे घेतो," म्हणालो. "डिस्क दे. मी आत्ता अंबरनाथला जातो, डबा आणतो, दोन्ही एकत्र करून ताईच्या खोलीत ठेवतो."

"मामा, राहू दे ना."

"का राहू दे?"

"जाने दो. जुनं झालंय ते."

"जुनं झालंय म्हणूनच. दे."

तो उठला, गॅलरीचं दार लोटलं, आणि पुन्हा खाली बसला. हातात एक पिवळा झेंडू घेतला. "डिस्क रिकामी आहे," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. त्याने सांगितलं ते असं. मी वाटणीच्या दिवशी म्हटलं होतं की आठवण आली तर लॅपटॉपला लाव. तर त्याने एकदा डिस्कला बसणारं वायरवालं कव्हर आणलं आणि लावली. टीमचा फोटो काढून दादूसला पाठवू, तो हसेल, मग बोलणं निघेल, असा विचार. लॅपटॉप म्हणाला, ही वाचता येत नाही, वापरायची असेल तर आधी तयार करावी लागेल. याने हो केलं. त्याला वाटलं, तयार करून दाखवेल. लॅपटॉपने कोरी करून दाखवली.

"सगळं गेलं?"

"सगळं. कोळीण, आई, तुम्ही. सगळं." तो झेंडूच्या पाकळ्या दाबत होता. "दादूसला सांगू नका. तो यायचा असला की मी मुद्दाम साइटवर काम काढतो. घरात असलो तर त्याच्याकडे बघत नाही. डिस्क कुठे आहे विचारलं तर काय तोंड दाखवू?"

माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते लिहायचं नाही असं आधी ठरवलं होतं. पण लिहितो. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, बरं झालं, बटण याने दाबलं. म्हणजे गावात कधी निघालंच तर मामाने नीट काढून दिली होती, पोराने घालवली. एवढा हलका विचार, आणि माझ्या डोक्यात किती झटकन आला. पोरगा माझ्या सल्ल्याने खड्ड्यात पडला होता, आणि मी काठावर उभा राहून आपले कपडे कोरडे आहेत का ते बघत होतो.

"डिस्क दे," मी म्हणालो. "रिकामी तर रिकामी. सांगायचं ते मी सांगतो."

अंबरनाथपर्यंत रिक्षात मी वाक्यं जुळवत होतो. आरसा नव्हता ते बरं. डिस्क झब्ब्याच्या खिशात होती आणि प्रत्येक खड्ड्याला छातीवर आपटत होती. शेजारच्या बाईने दोनदा माझ्याकडे बघितलं. मी बहुतेक पुटपुटत होतो.

मोठा घरीच होता. सुनेने चहा ठेवला. मी हवापाण्याचं बोललो, लिफ्ट चांगली आहे म्हणालो, खिडकीतून डोंगर दिसतो म्हणालो. तो ऐकत राहिला. मग मी डिस्क काढून टीपॉयवर ठेवली आणि सगळं सांगितलं. लॅपटॉपला लाव हे माझंच बोलणं होतं, तेही सांगितलं. ते सांगताना आवाज जरा बारीक झाला, पण सांगितलं.

मोठ्याने डिस्क उचलून उलटीसुलटी केली. "मला माहीत होतं, मामा."

"काय माहीत होतं? त्याने सांगितलं?"

"त्याने नाही. पण ही डिस्क तिच्याच डब्याशी बांधलेली असते. दुसऱ्या डब्याला लावा, लॅपटॉपला लावा, उघडत नाही. वाटून उपयोग नव्हता. ते त्याच दिवशी माहीत होतं."

चहा आला होता. मी कप उचलला नाही. "अरे, मग तो स्क्रूड्रायव्हर आणून दिलास कशाला मला?"

त्याने डिस्क परत टीपॉयवर ठेवली. "तुम्ही शब्द टाकलेला, मामा," तो म्हणाला. "काका बसलेले. शेजारचे बसलेले. स्क्रू निघत नव्हता, तुम्हाला घाम आलेला. त्यात मी काय बोलणार होतो? मामा, उठा, तुम्हाला काही कळत नाही?"

"नंतर तरी."

"नंतर वाटलं, त्यालाही माहीत असेल. डिस्क जपून ठेवेल आणि एखाद्या रविवारी आपणहून घेऊन येईल. आला नाही. मी गेलो की तो साइटवर. म्हटलं, आपलं लग्न झालं, बिऱ्हाड वेगळं झालं, त्याला आता नको असेल." मग बशी माझ्याकडे सरकवली. "बिस्किट घ्या."

ओरडला असता तर मी वाद घातला असता. वाद घालता आला असता तर मी कुठेतरी जिंकलोही असतो. त्या बिस्किटाशी कोण वाद घालणार? माझा मान राहावा म्हणून दोन पोरांनी आपल्याकडे होतं नव्हतं ते माझ्या हातात दिलं होतं, वर ते कापायला हत्यारही दिलं होतं. आणि मी ते कापून हळदीहळदीतून त्याचा प्रसाद वाटत फिरलो होतो.

"त्याला फोन लाव," मी म्हणालो.

"काय बोलू?"

मग मीच माझ्या फोनवरून लावला. धाकट्याला म्हणालो, तुझ्या दादूसला सगळं सांगितलं, तो रागावलेला नाही, घे, बोल. आणि फोन मोठ्याच्या हातात कोंबला. स्पीकर चालू होता.

"ऐकतोय का?" मोठा म्हणाला.

"हा."

"जेवलास?"

"हा. तू?"

"नाय अजून."

पलीकडे कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं, ते ऐकू येत होतं.

"आईचं गुडघ्याचं तेल आणलंस?"

"आणलं."

"बरं." पुन्हा टेम्पो. "मी येतो संध्याकाळी. डबा घेऊन."

"ये." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "सॉरी, दादूस."

"चल, ठेव."

त्या दोघांच्या मानाने हे प्रवचनच झालं. सून ओट्याकडे तोंड करून उभी होती, ती वळली नाही.

इथे मी गोष्ट संपवली तर मला सोयीचं होईल. पण ती तशी झाली नाही. डबा आला, डिस्क आत गेली, या वेळी मोठ्याने घातली आणि मी हात मागे बांधून उभा राहिलो. डबा चालू झाला आणि दुकानातून नुकताच आणल्यासारखा तारीख-वेळ विचारू लागला. दोघांनी नवी टीम करायला घेतली. कोळणीपर्यंत आले आणि थांबले. पोरं म्हणून जे हौसेने केलं ते टक्कल पडल्यावर पुन्हा पहिल्यापासून करायचं, त्यात जीव नव्हता. माझं पोट दुसऱ्यांदा करायचा तर कोणालाच उत्साह दिसला नाही. दोन रविवार त्यांनी नेटाने काढले. मग डबा टीव्हीखाली गेला, ताईने त्यावर विणलेला रुमाल टाकला, आणि पुन्हा तो सोफा, पुन्हा डॉक्टरकडचा नंबर. मोठा यायचा, पण घड्याळाकडे बघून. ताई माझ्याकडे बघायची. मी छताकडे.

एका रविवारी मी तिथे असताना थोरले चुलते आले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. "काय मामा," त्यांनी विचारलं, "नवीन न्याय कुठे?"

"नाय काका," धाकटा पटकन म्हणाला, "स्क्रूच्या डोक्यावरची फुली संपली, तिथेच मामांनी संन्यास घेतला."

मोठा हसला. नाकातून, बारीक. "फुली कसली संपते? मामांनी तिला खोबरेल लावून झोपवली."

"आणि वर सुपारी."

"सुपारीच्या आधी भाषण होतं."

"नाय, भाषण नंतर. आधी सुपारी, मग खाकरले, मग भाषण."

माझे कान तापले. मला उठून जावंसं वाटलं; खरं म्हणजे मी उठलोही, पण ताईने माझ्या झब्ब्याचं टोक धरून खाली ओढलं. तिने नुसती समोर मान केली. समोर तिचे दोन मुलगे सोफ्यावर एकमेकांकडे वळून बसले होते, आणि एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता.

तेव्हापासून मी रविवार चुकवत नाही. जातो, बसतो, आणि काहीतरी अक्कल पाजळतो. पंखा का आवाज करतो यावर मत देतो. वांगणीच्या गृहस्थांचा फोन आलेला, ट्रॅक्टरचं काय करू म्हणून विचारत होते, तेही मीच थट्टेला पुरवलं. त्यावर भाच्यांचे दोन रविवार गेले. काही वेळा मुद्दाम करतो, आणि काही वेळा, आमच्या हिचं म्हणणं आहे की बहुतेक वेळा, मुद्दाम करायची गरज पडत नाही. सवय होईल असं वाटलं होतं. होत नाही. दर वेळी ते त्या स्क्रूपाशी आले की माझे कान तसेच तापतात. मोठा त्या वेळी माझ्याकडे कसा बघत होता ते त्यांच्या नकलेत येत नाही, ते मला एकट्याला दिसतं.

गेल्या रविवारी मला ताप होता, जाता आलं नाही. सकाळपासून मी पलंगावर, आणि मनात एकच: आज ती दोघं काय करत असतील. मोठा आला असेल का, की मामा नाही म्हटल्यावर घरीच राहिला. दुपारी ताईचा फोन आला. "ऐक," एवढंच म्हणाली, आणि फोन कुठेतरी ठेवून दिला, बहुतेक टीपॉयवर.

पलीकडे मोठा कोणाची तरी नक्कल करत होता. घोगरा, ठासून बोलणारा, जरा नाकातला आवाज. मी असा बोलतो हे मला माहीत नव्हतं. धाकटा त्याला अडवत होता. "तसं नाय, दादूस, तसं नाय. मामा आधी चष्मा काढतात, मग झब्ब्याला पुसतात, मग बोलतात. तू लगेच बोलायला घेतलंस." मग बहुतेक त्याने करून दाखवलं, कारण मोठा जो हसायला लागला तो थांबेना, त्याला ठसका लागला, आणि पाणी आणायला कोणीतरी उठलं.

आमची ही औषध घेऊन आली. माझ्या कपाळाला हात लावून बघितलं. "ताप चढला का? कान केवढे लाल झालेत."

"नाही," मी म्हणालो. "हळू बोल. ऐकू दे."